ताटाची डावी बाजू

पोरांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल संपल्यावर मोठीने तिच्या आईच्या फोनवरून मला वेगळा निरोप पाठवला. आजोबा माझ्यावर रागावलेत का, असा. ते धाकट्याशीच बोलतात, त्याचा पडलेला दात बघतात, आणि मला विचारतच नाहीत.

पडद्यावर तू डावीकडे होतीस आणि धाकटा उजवीकडे. तू आजोबांना हाक मारलीस, चित्र धरून दाखवलंस, आणि ते धाकट्याला म्हणाले, "ताई कुठे गेली रे आज?" तू तिथेच होतीस. धाकटा हसला, कारण त्याला वाटलं आजोबा गंमत करतात. ते गंमत करत नव्हते.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण माझ्या फोनवर बोलताना आजोबा बहुधा जवळच असतात. म्हणून लिहिते आहे. अवघड शब्द आले तर आईकडून वाचून घ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी आजोबांना अर्धांगाचा झटका आला, एवढं तुम्हाला माहीत आहे. रामदासपेठेतल्या इस्पितळातून आम्ही लवकर घरी आलो. त्यांची वाचा शाबूत होती, चालणं हळू पण सरळ होतं, डावा हात थोडा जड होता, तोही दिवसागणिक हलका होत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, थोडक्यात निभावलं. मीही म्हणायचे. आजोबा तर त्या प्रकाराला 'माझी सुट्टी' म्हणत.

त्याच वेळी घराचा प्रश्न निघाला. तुमच्या बाबांनी अगदी शांतपणे सांगितलं होतं. आजोबांना घरात काही तास एकटं ठेवता येत असेल तर आम्ही दोघांनी नागपुरात राहावं, तो काही बोलणार नाही. येत नसेल तर घर विकायचं आणि पुण्याला आत्याच्या शेजारचा फ्लॅट घ्यायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कामाची बाई सकाळी येते आणि जाते. बाकी घरात आम्ही दोघंच. मला बँकेत जावं लागतं, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. चोवीस तासांचा माणूस ठेवून पाहिला होता. आजोबांनी दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजला, आभार मानले आणि फाटकापर्यंत पोचवून आले.

मला इथून जायचं नव्हतं. आमच्या ले-आउटमधल्या नव्या प्लॉटांवर मोजकी घरं होती तेव्हा आम्ही हे बांधलं. मला अंधारातही इथला प्रत्येक डबा सापडतो. डब्यांवर चिठ्ठ्या लावण्याच्या माझ्या सवयीला तुम्ही हसता, पण एकदा सगळं जागच्या जागी असलं की म्हातारपण निम्मं सोपं होतं, असं माझं मत होतं.

आता त्या दिवसांत काय काय घडत होतं ते सांगते. तेव्हा ते आम्हाला काहीच वाटलं नव्हतं.

आजोबा स्वयंपाकघरात येताना डावा खांदा चौकटीला आपटायचे. "चौकट पुढे सरकली काय गं?" असं विचारायचे. एकदा दाढी करून आले तर डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच. मी म्हणाले, "अहो, अर्धीच झाली." ते म्हणाले, "पेन्शनरला अर्धी पुरते." आम्ही दोघं हसलो. एकदा अंगणात एकच चप्पल घालून फिरताना दिसले. हात जड आहे, पाय अजून कच्चा आहे, लक्ष लागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी व्हरांड्यात आम्ही बसतो. माझी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला असते, कित्येक वर्षांपासून. मी काही विचारायचे आणि ते उत्तर द्यायचे नाहीत. समोर रस्त्याकडे, थोडं उजवीकडे बघत राहायचे. घर विकायची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आहे आणि ते माझ्यावर धुमसताहेत, असं मी धरून चालले. मग मीही बोलणं कमी केलं. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघं गप्प असायचो, आणि त्यातला एकच जण रुसलेला होता.

आणि ताट.

आपल्याकडे ताट कसं वाढतात ते तुम्ही इथे आलात की मी दर वेळी शिकवते आणि तुम्ही दर वेळी विसरता. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. भात-पोळी मध्ये. डॉक्टरांनी वरचं मीठ, लोणचं, पापड बंद सांगितलं होतं. पण ताटाची डावी बाजू रिकामी ठेवायची माझी पद्धत नाही, म्हणून मी चिमूटभर मिठाची जवसाची चटणी आणि साधी काकडीची कोशिंबीर वाढत असे. आजोबा जवसाच्या चटणीशिवाय पहिला घास घेत नसत. इस्पितळातून आल्यापासून त्यांनी तिला बोटही लावलं नाही. कोशिंबिरीलाही नाही. लिंबाची फोड तशीच.

मला केवढा आनंद झाला. ज्या माणसाने आयुष्यभर डॉक्टरचं ऐकलं नाही, तो आता ऐकत होता. कामाची बाई ताटं उचलताना म्हणायची, "आजी, साहेब तं लई शहाणे झाले वं. चटनीकडे पाहून नाही राहिले." मी आत्याला फोनवर सांगितलं, तुमच्या बाबांना सांगितलं. भातही थोडा उरायचा, डाव्या कडेचा. भूक कमी झाली असेल, बरंच आहे, वजन उतरेल, असंही म्हणाले.

तुमच्या बाबांच्या सांगण्यावरून मार्चच्या शेवटी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी आली. म्हणजे आजारातून उठलेला माणूस घरातली रोजची कामं स्वतःची स्वतः करू शकतो का, हे पाहणारी आणि शिकवणारी. चंद्रपूरकडची मुलगी, तिशीची, पाठीवर पिशवी, बोलणं सौम्य. ती येणार म्हणून मी आदल्या आठवड्यात आजोबांची उजळणी करून घेतली होती. शर्टाची बटणं, कुलूप उघडणं, गोळ्या कुठल्या वेळेच्या, फोन लावणं. ते सगळं त्यांनी छान केलं. मधूनच मला म्हणाले, "तोंडी झाली. आता प्रॅक्टिकल."

ती हसली नाही. तिने विचारलं, "काका, घरात कोणतं काम तुमच्याकडे होतं? जे कधी केलंच नाही ते मी नाही विचारणार."

"सकाळचा चहा," आजोबा म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. हिच्या हातचा चहा पिऊन मी संसार केला नसता."

"मग चहाच करू. पण आधी जेवून घ्या. मी इथेच बसते."

मला ते विचित्र वाटलं. परीक्षेला आलेली बाई जेवताना कशाला बघत बसेल? मी नेहमीसारखं ताट वाढलं. ती आजोबांच्या समोर बसली आणि एक शब्द बोलली नाही. आजोबा गवारीची भाजी, आमटी, पोळी जेवत होते आणि तिला भंडाऱ्याच्या तलावांच्या गोष्टी सांगत होते. भात उजवीकडून खाल्ला, मधोमध आले आणि थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"झालं का काका?"

"झालं. पोट भरलं."

मी तिला हळूच म्हणाले, "चटणी स्वतःहून सोडली बरं का त्यांनी."

ती उठली, टेबलाशी आली, आणि ताट धरून अर्धा फेरा फिरवलं. एवढंच. चटणी-कोशिंबिरीची बाजू उजवीकडे आली आणि भाजी-आमटीची डावीकडे गेली.

आजोबांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा," ते म्हणाले, "जवसाची चटणी. किती दिवसांनी केलीस गं." आणि त्यांनी उरलेला भात चटणीशी कालवून खायला घेतला. कोशिंबीर संपवली, लिंबू चोखलं. पोट भरलेला माणूस खातो तसं नाही, दिवसभर उपाशी असलेला खातो तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाजी नाही केलीस का आज?"

भाजी त्यांच्या डाव्या हाताशी होती. अर्धी वाटी. त्यांनीच खाल्लेली.

स्वयंपाकघरात पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत जात होता. महिनाभर हा माणूस माझ्या समोर बसून अर्धं जेवत होता आणि मी त्याचं कौतुक करत होते.

तिने मला नंतर समजावलं, ते तुम्हालाही सांगते. आजोबांचे डोळे चांगले आहेत. डोळ्यांना डावीकडचं दिसतं, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. अंधार दिसतो असं नाही. अंधार दिसला असता तर माणूस घाबरला असता, चाचपडला असता. त्यांच्या लेखी जग जेवढं आहे तेवढं पूर्ण आहे. काही कमी आहे असं त्यांना वाटतच नाही. ती बाजू घडलेलीच नाही.

मग चहा. आमची शेगडी दोन बर्नरची. तिने मला दाराशी उभं केलं आणि म्हणाली, "काकू, मध्ये यायचं नाही. काही झालं तरी मी आहे." स्वतः सिलिंडरजवळ जाऊन उभी राहिली. मग आजोबांच्या देखत, त्यांना सांगून, डाव्या बर्नरवर दुधाचं पातेलं ठेवलं. "काका, हे दूध तुमच्या चहासाठी तापायला ठेवते. बाकी तुम्ही करा."

"ठेव, ठेव," आजोबा म्हणाले.

त्यांनी उजव्या बर्नरवर आधण ठेवलं. आलं किसलं. साखर मापाने, पूड मापाने. हात थरथरत नव्हता. मला वाटलं, बघ, येतं की. तिकडे दुधावर साय धरली, ती फुगली, कडेने फेस वर चढायला लागला. मी पाऊल उचललं. तिने माझ्याकडे न बघता हात वर केला.

दूध काठावर आलं, थांबल्यासारखं झालं, आणि उतू गेलं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली. चर्र आवाज झाला आणि डावी ज्योत विझली. मग तो दुसरा आवाज, बारीक, सळसळ. आजोबा चहा ढवळत होते. त्यांच्या डाव्या बाहीवर दूध उडालं होतं. "दूध घालायचं राहिलं," असं पुटपुटत ते फ्रिजकडे वळले, पिशवी काढली, आधणात ओतली. उजवं बटण व्यवस्थित बंद केलं. चहा गाळला.

वास माझ्यापर्यंत आला तेव्हा तिने सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला आणि खिडकी उघडली.

आजोबांनी कप तिच्या हातात दिला. मग नाक आकसून, वळून माझ्याकडे पाहिलं. "अगं, गॅसचा वास येतोय. तुला किती वेळा सांगितलं, बटण नीट बघत जा." ओट्यावरून दूध अजून ठिबकत होतं, त्यांच्या डाव्या पायावर.

ती जायला निघाली तेव्हा मी तिला फाटकापाशी गाठलं. माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि तिला ती ठाऊक होती.

"काकू, काकांना घरात एकटं ठेवू नका. अर्धा तासही नको. बाहेर रस्त्यावर तर अजिबात नको. गाडी डावीकडून आली तर ती त्यांच्यासाठी येतच नाही."

"सुधारेल ना?"

"सराव करून घेऊ. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावू, ती दिसेपर्यंत मान वळवायची. ताटापुरतं जमेल बहुतेक. पण घर ताटाएवढं नसते ना काकू. आणि ज्याला आपलं काही हरवलंय हेच माहीत नाही, तो शोधायला कसा निघेल?"

मी म्हणाले, "तुम्ही अहवालात असं लिहा की देखरेखीखाली सगळं जमतं. खोटं नाही ते. माझा मुलगा तेवढ्यावर थांबेल."

तिने चप्पल घातली, पिशवी खांद्यावर घेतली. "मी लिहीन हो काकू, तुम्ही म्हणाल तसं. गॅस थोडीच तो कागद वाचून राहिला."

संध्याकाळी मी तुमच्या बाबांना फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तू ठरव." मी विका म्हणाले.

आजोबांना समजवायचा प्रयत्न आम्ही सगळ्यांनी केला. ते ऐकून घेतात, मान हलवतात, आणि शेवटी विचारतात, "पण मला झालंय काय?" तुम्ही ज्या गोष्टीबद्दल बोलता ती त्यांच्या जगात नाहीच. शेवटी आत्याने सांगितलं की माझे गुडघे दुखतात, मला ओझं होतं. ते लगेच कबूल झाले. तेव्हापासून मला ओट्याशी उभी बघितली की म्हणतात, बस गं, तुझ्यासाठीच चाललोय ना.

पट्टीचा सराव चालू आहे. ताटात ते कधी कधी मान वळवतात. आठवण केली तर.

परवा घर बघायला पहिला माणूस आला. लकडगंजचा लाकडाचा व्यापारी, मुलाला घेऊन वेगळं राहायचं म्हणतो. आजोबा सकाळपासून तयार होते. मी दाखवतो, म्हणाले, बांधलंय मी. बैठकीतून मागच्या अंगणापर्यंत सरळ बोळ जातो, हे तुम्हाला आठवत असेल, दोन्ही बाजूंना खोल्या. आजोबा पुढे, तो मागे, मी त्याच्या मागे. उजवीकडे देवघर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, भिंतीची जाडी सांगितली, सागवानी चौकटीवर हात फिरवला. व्यापाऱ्याने डावीकडच्या बंद दाराकडे बोट केलं.

"और बाबूजी, इधर क्या है?"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी सौजन्याने. "इधर? इधर कुछ नहीं है भाई. दीवार है."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन दार उघडलं. आत तुमचे दोन पलंग, भिंतीवर तुम्ही उंचीच्या खुणा केलेल्या, खिडकीत पडदा. त्याने आत डोकावून पाहिलं, मग बोळातून पुढे चाललेल्या आजोबांच्या पाठीकडे. आवाज उतरवून म्हणाला, "अम्माजी, बाबूजी को मालूम है ना, मकान बिक रहा है?"

"मालूम है," मी म्हणाले.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. विहिरीवरची जाळी गाळ काढायला उचलली होती, ती अजून बसवलेली नाही, भिंतीला टेकून उभी आहे. मागच्या दारातून बाहेर पडलं की विहीर डाव्या हाताला येते.

मी त्या माणसाला तिथेच सोडून धावले. आजोबा पायरी उतरून चालत होते, उजवीकडच्या लिंबाच्या झाडाशी बोलल्यासारखं काहीतरी म्हणत होते, आणि कठडा त्यांच्या डाव्या गुडघ्यापासून हातभर होता. मी जाऊन त्यांचा डावा दंड घट्ट धरला.

ते थांबले. त्यांनी उजवीकडे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.